जनुकांचे मौन आणि गर्भाची घडण

सटवाई सहाव्या रात्री येऊन बाळाच्या कपाळी लेख लिहून जाते, ही कल्पना सुशिक्षितांनी केव्हाच टाकून दिली आहे. तथापि तिच्या जागी दुसरी एक कल्पना अलगद येऊन बसली आहे. ‘अमुक गोष्ट त्याच्या रक्तातच आहे’ असे पूर्वी म्हणत. आता ‘ती त्याच्या जनुकांतच आहे’ असे म्हणतात. मनुष्याचे रूप, आरोग्य, बुद्धी, किंबहुना त्याचे सारे भवितव्य गर्भधारणेच्या क्षणी लिहून पुरे होते आणि पुढील नऊ महिने त्या लेखाची केवळ नक्कल उतरविली जाते, असे हे नवे मत आहे. लेख लिहिणारी बदलली, लेखाची रात्र बदलली. परंतु लेखावरील श्रद्धा होती तशीच राहिली.

हे मत सर्वस्वी खोटे असते, तर त्याचे निराकरण सोपे झाले असते. ते अर्धे खरे आहे, आणि अर्धसत्य उखडून काढणे फार कठीण असते. जनुके मातापित्यांकडून येतात व त्यांच्यावाचून गर्भ घडत नाही, हे खरे. परंतु गर्भाची घडण ही जनुकांच्या बोलण्याइतकीच त्यांच्या मौनावर अवलंबून असते. हे मौन राखण्याचे काम जनुकांभोवतीचे वेष्टन, म्हणजे क्रोमॅटिन, करीत असते. शाळेत आनुवंशिकता शिकविताना ह्या वेष्टनास त्याचे योग्य स्थान मिळाले पाहिजे. ते न मिळाल्यास एका बाजूस दैववाद आणि दुसऱ्या बाजूस भोंदूपणा ह्या दोहोंना शास्त्राच्या नावाखाली मोकळे रान मिळते.

एकच लेख, अनेक पेशी

फलित अंड ही एकच पेशी असते. तिच्यापासून दोन, चार, आठ अशा वाढत वाढत कोट्यवधी पेशी निर्माण होतात. त्यांतील काही यकृताच्या होतात, काही स्नायूंच्या, काही डोळ्यांच्या. एकाच बीजातून आलेल्या ह्या पेशी परस्परांहून इतक्या भिन्न का होतात, हा गर्भविज्ञानातील मूळ प्रश्न आहे.

जर्मन शास्त्रज्ञ आउगुस्ट वाइसमान ह्याने १८९२ साली त्याचे एक उत्तर सुचविले. पेशी विभागत असताना आनुवंशिक सामग्रीही वाटली जात असावी. यकृताच्या वाट्यास यकृताचा भाग आणि डोळ्याच्या वाट्यास डोळ्याचा भाग येत असावा, असा त्याचा तर्क होता. तर्क मोठा सुबक होता, परंतु प्रयोगाच्या कसोटीस तो उतरला नाही. १९५२ साली अमेरिकेत रॉबर्ट ब्रिग्ज व टॉमस किंग ह्यांनी बेडकाच्या अंड्यातील पेशीकेंद्र काढून टाकले आणि त्या जागी कोवळ्या भ्रूणातील पेशीचे केंद्र बसविले. त्या अंड्यापासून बेडकाची पिले वाढली. पुढे इंग्लंडमध्ये जॉन गर्डन ह्याने ह्याहून धीट प्रयोग केला. त्याने पेशीकेंद्र घेतले ते बेडकाच्या शेपटीवाल्या पिलाच्या आतड्यातील, म्हणजे आपले काम निश्चित झालेल्या पेशीतील. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधाप्रमाणे शंभरातील एखाददुसऱ्या केंद्रापासूनच पोहणारे व खाणारे पिलू तयार झाले. परंतु ते झाले, हे महत्त्वाचे. आतड्याच्या पेशीत डोळ्याची, हृदयाची आणि मेंदूची जनुके शाबूत होती. ती हरवलेली नव्हती, गप्प होती.

ह्या शोधाने प्रश्नाचे स्वरूपच पालटले. रोगप्रतिकार करणाऱ्या काही पेशी व केंद्र गमावलेल्या तांबड्या रक्तपेशी ह्यांसारखे थोडे अपवाद वगळल्यास शरीरातील प्रत्येक पेशीजवळ संपूर्ण लेख असतो. तेव्हा कोणत्या पेशीस काय मिळाले, हे विचारण्यात आता अर्थ उरला नाही. कोणत्या पेशीत काय वाचले जाते आणि काय वाचले जात नाही, हे विचारणे प्राप्त झाले.

बासनातील पोथी

पोथी बासनात बांधून ठेवली की ती नष्ट होत नाही. पण तिचे वाचनही होत नाही. पेशीतील व्यवस्था काहीशी अशीच आहे. मानवी पेशीतील डी.एन.ए.चा धागा सरळ केल्यास तो सुमारे दोन मीटर लांब भरेल. हा धागा ज्या केंद्रात मावतो त्याचा व्यास मात्र मिलिमीटरच्या सुमारे दीडशेव्या हिश्श्याएवढा असतो. एवढा धागा गुंता न होता तेथे राहतो, तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांमुळे. आठ हिस्टोनांच्या एका लहानशा रिळाभोवती डी.एन.ए.चे जवळजवळ पावणेदोन वेढे पडतात, आणि त्या वेढ्यांत क्षारकांच्या १४७ जोड्या असतात. अशा रिळास न्यूक्लिओसोम म्हणतात. १९७४ साली रॉजर कॉर्नबर्ग ह्याने ही रचना प्रथम स्पष्टपणे मांडली. धागा आणि रिळे मिळून जे द्रव्य होते तेच क्रोमॅटिन. १८८०च्या सुमारास वाल्टर फ्लेमिंग ह्याने त्यास हे नाव दिले, ते रंग चटकन शोषून घेणारे द्रव्य म्हणून. गुणसूत्रांना जुन्या मराठी पुस्तकांत रंगसूत्रे म्हणत, त्याचे मूळही हेच होय.

केवळ गुंडाळून ठेवण्यापलीकडे ह्या वेष्टनाचे काही काम असेल, अशी शंका बराच काळ कोणास आली नाही. वास्तविक खुणा दिसत होत्या. १९२८ साली एमिल हाइट्स ह्याने शेवाळाच्या पेशींत असे पाहिले की, विभाजनानंतर गुणसूत्रांचे काही भाग सैल होतात व काही भाग घट्टच राहतात. पुढे १९६४ साली व्हिन्सेंट ऑलफ्री व त्याचे सहकारी ह्यांनी दाखविले की, हिस्टोनांना ॲसिटिल गट जोडले गेले असता जनुकांच्या वाचनाला वाव मिळतो. आज ह्या खुणांची भाषा पुष्कळ कळली आहे. हिस्टोनाचे एक टोक शेपटीसारखे रिळाबाहेर लोंबत असते. त्या शेपटीवर ॲसिटिल गट चढला की सामान्यतः वेष्टन सैल होते आणि वाचन करणारी एंझाइमे आत शिरू शकतात. तिच्यावरील ठराविक जागी मेथिल गट बसला की त्या जागेनुरूप जनुक जागे राहते अथवा निजते. खुद्द डी.एन.ए.वरही मेथिल गट बसतात. तेही पुष्कळदा जनुकास मौन धरावयास लावतात. ह्या सर्व व्यवहारात लेखाचे एक अक्षरही बदलत नाही.

पिठ्या ढेकूण आणि तिरंगी मांजर

ह्या मौनाचे अत्यंत ठळक उदाहरण भारतातील प्रत्येक शेतकऱ्याच्या परिचयाचे आहे, परंतु ते पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते. द्राक्षवेलीवर, पेरूवर, जास्वंदीवर पांढरी पूड फासल्यासारखा जो कीटक चिकटून बसतो, तो पिठ्या ढेकूण. मेणकट पुडीने झाकलेली ती बिनपंखी मादी असते. नर अगदी चिमुकला व पंख असलेला असून प्रौढपणी त्यास खाता येईल असे तोंडही नसते. दोघे एकाच जातीचे आहेत ह्यावर पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. मनुष्यात स्त्री-पुरुषभेद एक्स व वाय गुणसूत्रांनी ठरतो. पिठ्या ढेकणात अशी लिंगगुणसूत्रे नाहीतच. दोघांनाही मातेकडून एक व पित्याकडून एक असे गुणसूत्रांचे दोन संच मिळतात. भेद इतकाच की, नर होणाऱ्या भ्रूणात आरंभीच्या काही विभाजनांनंतर पित्याकडून आलेला सबंध संच आक्रसून घट्ट होतो आणि गप्प बसतो.

१९६१ साली स्पेन्सर ब्राऊन व वॉल्टर नेल्सन-रीस ह्यांनी ह्याचा पुरावा दिला. त्यांनी नर ढेकणांवर क्ष-किरण सोडून त्यांची गुणसूत्रे मोडली व नंतर त्यांची प्रजा पाहिली. किरणांची मात्रा पुरेशी मोठी असता मुली मेल्या, मुलगे मात्र जगले. पित्याच्या लेखाची मोडतोड झाली तरी मुलग्यांचे फारसे अडले नाही, कारण तो लेख ते वाचतच नव्हते. ह्याहूनही नवलाची गोष्ट अशी की, नराच्या शुक्रपेशींतून पुढे जातो तो फक्त त्याच्या मातेकडून आलेला संच. तो त्या नरात जन्मभर बोलका असतो. त्याच्या मुलीतही तो बोलका राहतो. परंतु मुलग्यात तोच संच ‘पित्याकडून आलेला’ ठरतो आणि मौन धरतो. म्हणजे लेख तोच असून तो कोणाकडून आला, एवढ्यावर त्याचे वाचन ठरते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शरत् चंद्र ह्यांनी पिठ्या ढेकणाच्या गुणसूत्रांचा दीर्घ अभ्यास केला. १९७३ साली त्यांनी ब्राऊन ह्यांच्याबरोबर सस्तन प्राण्यांतील एक्स गुणसूत्राच्या मौनाविषयी एक विचारप्रवर्तक निबंध लिहिला. अशा रीतीने एका क्षुद्र मानल्या गेलेल्या किडीचा अभ्यास थेट मनुष्याच्या गर्भापर्यंत जाऊन पोहोचला.

सस्तन प्राण्यांतील हे मौन मेरी लायन ह्या इंग्लिश विदुषीने १९६१ सालीच ओळखले होते. मादीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात. भ्रूणावस्थेच्या आरंभी प्रत्येक पेशी त्यांपैकी एकास गप्प करते. कोणत्या, हे त्या पेशीपुरते जणू नाणेफेकीने ठरते, आणि त्या पेशीची पुढील सारी संतती तोच निर्णय पाळते. गल्लीत दिसणारी काळी-नारिंगी-पांढरी मांजर हा त्याचा चालताबोलता पुरावा आहे. काळ्या व नारिंगी रंगाचा निवाडा करणारे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. जेथे एक गुणसूत्र गप्प झाले तेथे काळा पट्टा उमटतो आणि जेथे दुसरे झाले तेथे नारिंगी. पांढरा रंग मात्र वेगळ्याच जनुकाची करामत आहे. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास येथे अशाच एका तिरंगी मांजरीच्या पेशीकेंद्रापासून एक मांजरी जन्मास आली. दोघींच्या जनुकांचा लेख एकच होता. तरी नवीन मांजरीच्या अंगावर नारिंगी रंगाचा ठिपकादेखील नव्हता; कारण जी पेशी घेतली तिच्यात नारिंगी रंगाचे गुणसूत्र आधीच मौन धरून बसले होते. ‘जनुके तीच तर प्राणी तोच’ असे मानणाऱ्यांना ह्याहून सोपे उत्तर मिळणार नाही.

ठरविणारे आणि जपणारे

येथे एका अतिशयोक्तीपासून सावध राहिले पाहिजे. क्रोमॅटिनचे महत्त्व सांगता सांगता काही लेखक त्यालाच गर्भाचा शिल्पकार ठरवितात. तेही बरोबर नाही. जनुक प्रथम कोठे जागे व्हावे, हे बहुधा जनुकांच्या जवळ जाऊन बसणारी विशिष्ट प्रथिने ठरवितात. १९८७ साली हॅरल्ड वाइनट्रॉब व त्याचे सहकारी ह्यांनी मायोडी हे एकच जनुक संयोजी ऊतकाच्या पेशींत चालू केले आणि त्या पेशी स्नायूंच्या मार्गाला लागल्या. २००६ साली जपानमध्ये शिन्या यामानाका व काझुतोशी ताकाहाशी ह्यांनी उंदराच्या कातडीतील पेशींत चार जनुके घालून त्यांना भ्रूणपेशींसारखे केले. ह्या कार्यासाठी २०१२ सालचे नोबेल पारितोषिक यामानाका व गर्डन ह्यांना विभागून मिळाले. तेव्हा बासन हे सर्वसत्ताधीश नाही. योग्य हात लागल्यास ते सुटते.

मग क्रोमॅटिनचे खरे काम कोणते? ह्याचे उत्तर फळमाशीने दिले आहे. फळमाशीच्या नराच्या फक्त पुढच्या पायांवर फणीसारख्या केसांची ओळ असते. १९४७ साली पॅमेला लुइस हिला असा एक नर आढळला की, त्याच्या मागील पायांवरही अशा फण्या होत्या. ज्या जनुकातील बिघाडामुळे हे घडले, त्यास ‘पॉलीकोंब’, म्हणजे पुष्कळ फण्यांचे, असे नाव पडले. पुढे तिचे पती एडवर्ड लुइस ह्यांनी १९७८ साली त्याचा अर्थ लावला. शरीराचा कोणता खंड काय होणार हे ठरविणारी जी जनुके असतात, त्यांना नको त्या जागी गप्प ठेवणे हे पॉलीकोंबचे काम आहे. त्या गटातील एक एंझाइम हिस्टोनाच्या शेपटीवरील सत्ताविसाव्या जागेच्या लायसीनवर मेथिल गट बसविते, हे २००२ साली उघड झाले.

ह्यात मर्माची गोष्ट अशी की, पॉलीकोंब गटातील प्रथिनांचा अभाव असलेल्या भ्रूणांतही ही जनुके आरंभी योग्य त्याच जागी जागी होतात. प्रारंभीचे आदेश देणारी प्रथिने काही तासांत नाहीशी होतात आणि त्यानंतर घोटाळा सुरू होतो. गप्प असावयाची जनुके भलत्या जागी बोलू लागतात. निर्णय बरोबर झाला होता, पण तो कोणी जपला नाही. २०१३ साली ह्याचा अधिक सरळ पुरावा मिळाला. फळमाशीच्या पेशींत मूळ हिस्टोनाच्या जागी सत्ताविसावे लायसीन बदललेले हिस्टोन घातले असता, पॉलीकोंब गटाचे एंझाइम बिघडल्यावर होतो तोच घोटाळा झाला. ह्यावरून क्रोमॅटिन ही गर्भाची स्मृती होय, असे म्हणावयास हरकत नाही. काय व्हावयाचे हे ठरविणारे आदेश क्षणभर येतात व जातात. जे ठरले ते पेशींच्या पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवणे हे वेष्टनाचे कार्य आहे. यकृताची पेशी विभागली असता तिच्या दोन्ही मुली यकृताच्याच होतात, हे ह्या स्मृतीचे फळ.

मातेवरील भार

ह्या ज्ञानाचा बाजार आता सुरू झाला आहे. वेष्टनावरील खुणा बदलतात, एवढे एक वाक्य उचलून गर्भवतीने अमुक संगीत ऐकावे, तमुक विचार मनात आणावेत, म्हणजे बाळाची जनुके ‘सुधारतील’, असे सांगणारे वर्ग व पुस्तके विकली जात आहेत. अशा विधानांना प्रयोगाचा आधार नाही. पुष्कळदा आधार म्हणून उंदराचा एक प्रयोग पुढे केला जातो. २००३ साली रॉबर्ट वॉटरलँड व रँडी जर्टल ह्यांनी गर्भार उंदरांना फोलिक आम्लासारखे मेथिल पुरविणारे पदार्थ दिले असता पिलांच्या केसांचा रंग पालटला. प्रयोग खरा आहे. परंतु तो एका खास जातीच्या उंदरातील, मध्येच उपरा तुकडा घुसलेल्या एका जनुकासंबंधी आहे. त्यावरून बुद्धी अथवा स्वभाव घडविण्याचे शास्त्र सिद्ध होत नाही. शिवाय सस्तन प्राण्यांत फलनानंतर डी.एन.ए.वरील बहुतेक मेथिल खुणा पुसल्या जातात, आणि भ्रूणाच्या बीजपेशींत त्या पुन्हा एकदा पुसल्या जातात. काही खुणा टिकतात, हे खरे. पण आजीपणजीच्या अनुभवांची नोंद मनुष्याच्या वेष्टनात उतरत राहते, हे अद्याप सिद्ध झालेले नाही.

दैववाद्याने मूल जन्मतःच दोषी ठरविले. ह्या नव्या उपदेशकाने माता दोषी ठरविली. बाळ अशक्त निघाले, अपंग निघाले, तर तिने मन प्रसन्न ठेवले नसेल, असे म्हणण्यास घरातील माणसे मोकळी होतात. मुलगी झाली म्हणून जिला बोल लावले जात होते तिच्याच शिरावर हा आणखी एक बोल येऊन पडतो. शास्त्राचा असा वापर हा केवळ चुकीचा नव्हे, तो निर्दय आहे.

मातेच्या परिस्थितीचा गर्भावर परिणाम होतो, ह्यात संशय नाही. परंतु जे आढळले आहे ते निराळ्याच दिशेकडे बोट दाखविते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये भीषण उपासमार झाली. २००८ साली बास हाइजमान्स व त्याचे सहकारी ह्यांनी असे दाखविले की, त्या काळात ज्यांची गर्भधारणा झाली त्यांच्या रक्तपेशींत वाढीशी निगडित अशा एका जनुकावरील मेथिल खुणा साठ वर्षांनंतरही त्यांच्या भावंडांहून किंचित कमी होत्या. गर्भाच्या अखेरच्या महिन्यांत ज्यांनी उपासमार सोसली त्यांच्यात हा भेद आढळला नाही. फरक लहान आहे आणि त्याचा आरोग्याशी असलेला संबंध जपूनच सांगितला पाहिजे. पण तेथील स्त्रियांचे मन प्रसन्न नव्हते म्हणून हे घडले असे कोणी म्हणणार नाही. त्यांना अन्न मिळत नव्हते. ह्या संशोधनातून समाजाला काही कर्तव्य प्राप्त होत असेल, तर ते हे की, गर्भवतीला, आणि गर्भवती होण्यापूर्वीही प्रत्येक तरुण स्त्रीला, पोटभर व सकस आहार मिळावा. हे कर्तव्य घराचे, गावाचे आणि शासनाचे आहे. ते एकट्या तिच्या मनःसंयमावर ढकलता येणार नाही.

शाळांनी काय करावे

उच्च माध्यमिक वर्गांच्या पुस्तकांत न्यूक्लिओसोमचे चित्र असते. परंतु तो धडा डी.एन.ए.चा असतो, गर्भाच्या वाढीचा धडा निराळ्या प्रकरणात येतो. विद्यार्थ्याच्या मनात पहिले चित्र हे सामान बांधण्याच्या युक्तीचे चित्र म्हणून राहते व दुसरे हे महिन्यांच्या कोष्टकाचे. दोन्ही धडे एकमेकांशी बोलत नाहीत. ते शेजारी आणून बसविणे हे फार मोठे काम नव्हे. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. शाळेच्या कुंपणावरील जास्वंदीवर पिठ्या ढेकूण सापडतो. तिरंगी मांजर गावोगाव असते. ‘ह्या मांजरीच्या काळ्या केसांत नारिंगीपणाचे जनुक आहे की नाही?’ एवढा एकच प्रश्न शिक्षकाने वर्गात विचारावा. आहे, पण ते गप्प आहे, हे उत्तर ज्या मुलाने स्वतः विचार करून काढले, त्याला पुढे कोणी ‘हे त्याच्या जनुकांतच आहे’ असे सांगितले, तर ते जनुक कोठे बोलते, केव्हा बोलते आणि त्याला गप्प कोण ठेवते, हे विचारल्यावाचून तो राहणार नाही.